लिहिलेले कुठे गेले?
सी भाषेची रन-टाइम लायब्ररी आणि ऑपरेटिंग सिस्टिम

समजा, एका शाळेच्या विज्ञान मंडळाने तापमानाच्या नोंदी ठेवायचे ठरवले आहे. प्रयोगशाळेतल्या जुन्या संगणकावर लिनक्स आहे. त्याला तापमान मोजणारा संवेदक जोडला आहे आणि बारावीतल्या एका विद्यार्थिनीने सी भाषेत छोटासा प्रोग्रॅम लिहिला आहे. दर दहा मिनिटांनी तो तापमान वाचतो आणि वेळ व तापमान अशी एक ओळ फाइलमध्ये लिहितो. संध्याकाळी सहा वाजता प्रोग्रॅम सुरू करून सगळे घरी जातात. सकाळी सहाच्या सुमारास वीज जाते. शाळा भरल्यावर संगणक पुन्हा सुरू करून पाहतात, तर फाइल जागेवर आहे, पण तिच्यात एकही अक्षर नाही. लांबी शून्य!

प्रोग्रॅम पुन्हा पुन्हा तपासला जातो. चूक सापडत नाही. आदल्या दिवशी चाचणी घेतली तेव्हा पडद्यावर प्रत्येक ओळ वेळच्या वेळी उमटत होती. फाइलवरही चाचणी झाली होती. पाच नोंदी घेऊन प्रोग्रॅम संपला आणि पाचही नोंदी फाइलमध्ये सापडल्या होत्या. मग रात्रभरातल्या ७२ नोंदी गेल्या कुठे?

दोष विजेला द्यावा असे वाटते, पण ते पुरते खरे नाही. वीज गेल्यामुळे फार तर शेवटची एखादी नोंद हुकायला हवी होती. रात्री आठ वाजता लिहिलेली ओळ सकाळी सहा वाजता का नाहीशी व्हावी? ती दहा तास होती तरी कुठे?

या प्रश्नाचे उत्तर ना त्या मुलीच्या प्रोग्रॅममध्ये आहे, ना तबकडीत. दोघांच्या मध्ये एक मध्यस्थ बसलेला असतो. आपण रोज त्याच्याकडून काम करून घेतो, पण त्याची ओळख करून घेत नाही. सी भाषेची रन-टाइम लायब्ररी हा तो मध्यस्थ. या लेखात त्याची कामाची पद्धत समजून घेऊ आणि शेवटी त्या हरवलेल्या नोंदींकडे परत येऊ.

सी भाषेला लिहिता येत नाही

सी शिकणारा प्रत्येक जण पहिल्याच दिवशी ‘प्रिंटएफ’ वापरून पडद्यावर एखादे वाक्य उमटवतो. त्यामुळे प्रिंटएफ हा सी भाषेचाच एक शब्द आहे असा समज होतो. तो बरोबर नाही. १९८९ च्या मानकाप्रमाणे सी भाषेत एकूण ३२ राखीव शब्द आहेत. त्यांत ‘जर’, ‘तोपर्यंत’, ‘परत जा’ अशा अर्थांचे शब्द आहेत, पण ‘छापा’ किंवा ‘वाचा’ या अर्थाचा एकही शब्द नाही. बेसिक किंवा पास्कल शिकलेल्या शिक्षकांना हा फरक चटकन जाणवेल. तिथे छापण्याची सोय भाषेतच दिलेली असते.

सी भाषा डेनिस रिची यांनी बेल लॅबोरेटरीज या संस्थेत १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत घडवली. १९७३ मध्ये युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा याच भाषेत पुन्हा लिहिला गेला. ज्या भाषेत ऑपरेटिंग सिस्टिमच लिहायची, त्या भाषेने ‘छापण्याची सोय आधीपासून आहे’ असे कसे गृहीत धरायचे? म्हणून भाषा लहान ठेवली गेली आणि वाचणे, लिहिणे, वर्गमूळ काढणे, वेळ विचारणे, मेमरी मागणे ही कामे बाहेरच्या तयार फंक्शनांवर सोपवली गेली. या फंक्शनांचा संच म्हणजे लायब्ररी.

वाचण्या-लिहिण्याच्या फंक्शनांचा पहिला संच १९७२-७३ च्या सुमारास माइक लेस्क यांनी लिहिला. एका संगणकावर लिहिलेला प्रोग्रॅम दुसऱ्या प्रकारच्या संगणकावरही चालावा, हा त्यामागचा हेतू होता. पुढे त्यात सुधारणा होऊन ‘स्टँडर्ड इनपुट-आउटपुट’ हा संच तयार झाला आणि १९७९ च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर तो सर्वत्र पोचला. १९८९ च्या अमेरिकन मानकाने भाषेबरोबर या लायब्ररीचेही नियम ठरवून दिले आणि १९९० मध्ये ते आंतरराष्ट्रीय मानक झाले. म्हणजे प्रिंटएफ हा भाषेचा शब्द नसला, तरी मानकाप्रमाणे चालणाऱ्या प्रत्येक पूर्ण सी व्यवस्थेने तो पुरवलाच पाहिजे.

दरवाजा एकच

आता दुसऱ्या टोकाकडे पाहू. तबकडी, पडदा, कळफलक यांवर प्रोग्रॅमचा थेट हक्क नसतो. एकाच वेळी अनेक प्रोग्रॅम चालू असतात. प्रत्येकाने तबकडीवर मनाला येईल तिथे लिहायचे ठरवले, तर एकाची फाइल दुसरा पुसून टाकेल. म्हणून प्रोसेसरमध्येच दोन पातळ्या ठेवलेल्या असतात. साधे प्रोग्रॅम खालच्या अधिकाराच्या पातळीवर चालतात आणि ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल, वरच्या पातळीवर चालतो. उपकरणांना हात लावण्याचा अधिकार फक्त कर्नलला असतो.

प्रोग्रॅमला काही लिहायचे असेल तर त्याने कर्नलला विनंती करायची. या विनंतीला ‘सिस्टिम कॉल’ म्हणतात. विनंती करण्याची रीत ठरलेली असते. ६४ बिटांच्या इंटेल प्रकारच्या प्रोसेसरवर चालणाऱ्या लिनक्समध्ये ‘लिहा’ या विनंतीचा क्रमांक १ आहे. हा क्रमांक, कुठे लिहायचे, मजकूर मेमरीत कुठे आहे आणि तो किती बाइटचा आहे, या चार गोष्टी प्रोसेसरच्या ठरावीक कप्प्यांत ठेवायच्या आणि एक खास सूचना द्यायची. त्या क्षणी आपला प्रोग्रॅम थांबतो, कर्नल जागा होतो, विनंती तपासतो, काम करतो आणि मग प्रोग्रॅम पुन्हा सुरू होतो.

हा दरवाजा प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिममध्ये वेगळा असतो. डॉसमध्ये षोडशमान पद्धतीतल्या २१ क्रमांकाच्या इंटरप्टमधून जावे लागे आणि लिहिण्याच्या कामाचा क्रमांक त्याच पद्धतीतला ४० होता. विंडोजमध्ये ‘राइटफाइल’ या फंक्शनाकडून लिहून घ्यावे लागते. प्रत्येक प्रोग्रॅममध्ये या साऱ्या खटपटी लिहायच्या म्हटल्या, तर एका सिस्टिमवरचा प्रोग्रॅम दुसरीवर कधीच चालणार नाही. इथे लायब्ररीचे पहिले मोठे काम दिसते. आपण तिन्हीकडे एकच प्रिंटएफ लिहितो. कोणत्या दरवाजाने आत जायचे, हे त्या त्या सिस्टिमची लायब्ररी पाहते.

टर्बो सी वापरलेल्यांना याची दुसरी बाजू माहीत असेल. बोरलँड कंपनीचे टर्बो सी १९८७ मध्ये आले आणि आपल्याकडच्या अनेक महाविद्यालयांत पुढे कित्येक वर्षे तेच चालत राहिले. त्यात पडदा पुसण्यासाठी ‘सीएलआरएससीआर’ आणि एक कळ वाचण्यासाठी ‘गेटसीएच’ ही फंक्शने मिळत. ती टर्बो सीच्या लायब्ररीने आपल्या परीने दिलेली सोय होती. मानकात ती नाहीत. त्यामुळे अशा सवयीचा विद्यार्थी लिनक्सवर आला, की त्याचा जुना प्रोग्रॅम पहिल्याच ओळीला अडतो आणि त्याला वाटते की इथले सी वेगळे आहे. सी तेच असते. त्याने मध्यस्थाकडे मागितलेली गोष्ट मात्र सगळ्या मध्यस्थांना बंधनकारक नसते.

टपालपेटी

कर्नलचा दरवाजा ओलांडणे हे स्वस्त काम नाही. आपल्याच प्रोग्रॅममधल्या एखाद्या फंक्शनाला बोलावण्यापेक्षा सिस्टिम कॉलला कित्येक पट वेळ लागतो. एकेक अक्षर छापण्यासाठी एकेकदा दरवाजा ठोठावला, तर प्रोग्रॅमचा बराचसा वेळ ये-जा करण्यातच जाईल.

टपालखात्यानेही हीच अडचण सोडवली आहे. आपण एक पत्र लिहिले, की लगेच पोस्टमन धावत येत नाही. कोपऱ्यावर तांबडी पेटी असते. आपण पत्र पेटीत टाकतो आणि निश्चिंत मनाने घरी जातो. ठरल्या वेळी पोस्टमन पेटी उघडतो आणि सगळी पत्रे एकदम घेऊन जातो.

लायब्ररीकडे अशीच पेटी असते. तिला ‘बफर’ म्हणतात. बफर म्हणजे आपल्याच प्रोग्रॅमच्या मेमरीतली थोडी राखून ठेवलेली जागा. प्रिंटएफ, किंवा फाइलसाठी वापरायचे ‘एफप्रिंटएफ’, आपला मजकूर तयार करून या पेटीत टाकते आणि ‘काम झाले’ असे सांगून परतते. कर्नलला अजून काहीच कळलेले नसते.

पेटी केव्हा उघडायची याचे तीन प्रकार आहेत.

पहिला प्रकार फाइलसाठी असतो. पेटी पूर्ण भरली की मगच उघडायची. लिनक्सवरच्या ‘ग्नू’ सी लायब्ररीत तबकडीवरच्या फाइलसाठी ही पेटी साधारणपणे ४०९६ बाइटची असते.

दुसरा प्रकार पडद्यासाठी असतो. समोर माणूस बसला असेल तर तो वाट पाहत राहील, म्हणून प्रत्येक ओळ संपली की पेटी उघडायची. आपण पडद्याला जोडलेले आहोत की फाइलला, हे लायब्ररी सुरुवातीलाच कर्नलला विचारून घेते.

तिसरा प्रकार चुकांच्या संदेशांसाठी. त्यांच्यासाठी ‘स्टँडर्ड एरर’ नावाची वेगळी वाट असते. तिथे पेटीच नसते. संदेश हातोहात कर्नलकडे जातो, कारण चूक झालेला प्रोग्रॅम पुढच्या क्षणी जिवंत असेलच असे नाही.

याशिवाय दोन प्रसंगी पेटी उघडली जाते. आपण ‘एफफ्लश’ हे फंक्शन वापरून तसे सांगितले तर, किंवा ‘एफक्लोज’ने फाइल बंद केली तर.

मेमरी मागण्याच्या बाबतीतही लायब्ररी अशीच वागते. ‘मॅलॉक’ला आपण वीस-तीस बाइट मागतो. त्यासाठी ती दर वेळी कर्नलकडे जात नाही. घाऊक व्यापाऱ्याकडून पोते आणून किरकोळ विक्री करणाऱ्या दुकानदाराप्रमाणे ती कर्नलकडून एक मोठा तुकडा आणून ठेवते आणि त्यातून लहान लहान तुकडे देत राहते.

‘मेन’च्या आधी आणि नंतर

सी प्रोग्रॅम ‘मेन’ या फंक्शनापासून सुरू होतो असे आपण वर्गात सांगतो. ते शिकवण्यापुरते ठीक आहे. प्रत्यक्षात कर्नल प्रोग्रॅम मेमरीत आणतो आणि सुरुवात करतो ती लायब्ररीच्या एका छोट्या तुकड्यापासून. आपण प्रोग्रॅम तयार करतो तेव्हा हा तुकडा न सांगता त्याला जोडला जातो. तो लायब्ररीची मांडामांड करतो आणि मग ‘मेन’ला बोलावतो. ‘मेन’ संपले की प्रोग्रॅम पुन्हा याच तुकड्याकडे येतो. मग तो ‘एक्झिट’ या फंक्शनाला बोलावतो. ते सगळ्या उघड्या पेट्या रिकाम्या करते, मजकूर कर्नलच्या हवाली करते आणि शेवटी कर्नलला सांगते की आमचे काम संपले.

म्हणूनच बहुतेक वेळा आपल्याला बफरची आठवणही होत नाही. दुकान बंद करताना कोणीतरी मागे राहून झाडलोट करून जाते आणि आपण सकाळी स्वच्छ दुकान पाहतो.

पण प्रोग्रॅम नीट संपलाच नाही तर? नको त्या मेमरीला हात लावल्यामुळे कर्नलने त्याला जागीच बंद पाडले, किंवा न संपणारा प्रोग्रॅम थांबवण्यासाठी आपण कंट्रोल आणि सी या कळा एकदम दाबल्या, तर मागे झाडलोट करायला कोणी उरत नाही. प्रोग्रॅमची मेमरी कर्नल परत घेतो आणि त्या मेमरीत असलेली पेटी न उघडताच नाहीशी होते. प्रोग्रॅम कुठे कोसळतो हे शोधायला विद्यार्थी जागोजागी प्रिंटएफ घालतात, तेव्हा हा अनुभव हमखास येतो. फाइलमध्ये शेवटचा दिसणारा संदेश खऱ्या चुकीच्या जागेच्या बराच आधीचा असतो आणि शोध भलत्याच ठिकाणी सुरू होतो. असे संदेश स्टँडर्ड एररच्या वाटेने पाठवावेत, हा नियम वर्गात पहिल्यापासून सांगावा.

७२ नोंदींचा हिशेब

आता आपल्या विज्ञान मंडळाकडे वळू. एका नोंदीत वेळेची ५ अक्षरे, एक मोकळी जागा, तापमानाची ४ अक्षरे आणि ओळ संपल्याचे एक चिन्ह. इंग्रजी अंक वापरले तर एकूण ११ बाइट. तासाला ६ याप्रमाणे बारा तासांत ७२ नोंदी झाल्या. ७२ गुणिले ११ म्हणजे ७९२ बाइट. पेटी ४०९६ बाइटची. ती भरायला ३७२ पेक्षा जास्त नोंदी लागल्या असत्या, म्हणजे बासष्ट तास!

रात्रभरातली एकही नोंद पेटीबाहेर पडलेली नव्हती. रात्री आठची ओळ सकाळपर्यंत प्रोग्रॅमच्या मेमरीतच पडून होती. फाइल मात्र अस्तित्वात होती, कारण फाइल उघडण्याची विनंती लायब्ररीने संध्याकाळी सहालाच कर्नलकडे पोचवली होती. लिफाफा तयार होता, पत्रे पेटीत होती.

दोन्ही चाचण्या यशस्वी का झाल्या, तेही आता कळते. पडद्यावर दर ओळीला पेटी उघडत होती. फाइलवरच्या चाचणीत पाच नोंदींनंतर प्रोग्रॅम नीट संपला आणि ‘एक्झिट’ने पेटी रिकामी केली. प्रोग्रॅम अचानक बंद पडला तर काय होईल, याची चाचणी कोणी घेतलीच नाही.

समजा वीज गेली नसती आणि तिसऱ्या दिवशी कोणी फाइल उघडली असती, तर आणखी एक चमत्कार दिसला असता. ३७२ ओळींचे ४०९२ बाइट होतात. उरलेल्या ४ बाइटमध्ये पुढच्या नोंदीची पहिली चार अक्षरे बसतात. म्हणून फाइलची शेवटची ओळ मध्येच तुटलेली दिसली असती. लायब्ररी बाइट मोजते, आपल्या नोंदीचा अर्थ तिला ठाऊक नसतो.

पेटीपासून पोचपावतीपर्यंत

उपाय सोपा वाटतो. प्रत्येक नोंद लिहिल्यावर एफफ्लश वापरावे. त्याने बरेच काम होते, पण सगळे होत नाही.

एफफ्लश पत्र पेटीतून काढून टपाल कचेरीत पोचवते. म्हणजे मजकूर कर्नलच्या ताब्यात जातो. यानंतर प्रोग्रॅम कोसळला तरी मजकूर सुरक्षित आहे, कारण कर्नल जिवंत आहे. पण कर्नलही काटकसरी असतो. तबकडीवर लिहिणे सिस्टिम कॉलपेक्षाही फार संथ, म्हणून तो मजकूर स्वतःच्या मेमरीत साठवतो आणि सवडीने तबकडीवर उतरवतो. लिनक्सच्या नेहमीच्या मांडणीत असा मजकूर साधारण अर्धा मिनिट वाट पाहू शकतो. तेवढ्यात वीज गेली तर तो जातो.

पत्र घरपोच झाल्याची पोचपावती हवी असेल, तर ‘एफसिंक’ वापरावे लागते. मजकूर कायमच्या साठवणीवर पोचला असे उपकरणाकडून कळेपर्यंत एफसिंक परत येत नाही. हे फंक्शन सी भाषेच्या मानकात नाही. ते ‘पॉझिक्स’ या, ऑपरेटिंग सिस्टिमशी कसे बोलावे हे ठरवणाऱ्या मानकात आहे. विंडोजच्या सी लायब्ररीत ‘कमिट’ नावाचे फंक्शन हे काम करते. क्रम मात्र पाळायला हवा. आधी एफफ्लश, मग एफसिंक. पत्र अजून कोपऱ्यावरच्या पेटीतच असेल तर टपाल कचेरी त्याची पोचपावती कशी देणार?

मग प्रत्येक ओळीनंतर दोन्ही का करू नयेत? दहा मिनिटांतून एकदा नोंद होत असेल, तर जरूर करावीत. काही मिलिसेकंदांचा खर्च तिथे जाणवणारही नाही. पण एखादा प्रोग्रॅम सेकंदाला हजारो ओळी लिहीत असेल, तर दर ओळीला पोचपावतीची वाट पाहताना तो रांगू लागेल. नोंद किती मोलाची आहे आणि वेग किती हवा आहे, याचा निर्णय प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने घ्यायचा असतो. लायब्ररीने वेगाची बाजू घेतली आहे. आपल्याला सुरक्षितता हवी असेल तर ती मागावी लागते.

आणखी एक सावधगिरी. एफप्रिंटएफने ‘काम झाले’ असे सांगितले, याचा अर्थ मजकूर पेटीत पडला एवढाच. तबकडीत जागा नसेल, तर ते पेटी उघडताना कळते. म्हणून एफफ्लश आणि एफक्लोज काय उत्तर देतात, ते तपासायलाच हवे. बहुतेक पाठ्यपुस्तकांतल्या उदाहरणांत एफक्लोज शेवटी नुसते लिहून सोडलेले असते.

लायब्ररी राहते कुठे?

लायब्ररी प्रोग्रॅमला दोन तऱ्हांनी जोडता येते. एक म्हणजे लागणाऱ्या फंक्शनांची नक्कल प्रोग्रॅमच्या फाइलमध्येच घालणे. अशी फाइल मोठी होते, पण स्वयंपूर्ण असते. दुसरी तऱ्हा म्हणजे लायब्ररीची एकच फाइल सिस्टिमवर ठेवणे आणि प्रोग्रॅम सुरू होताना ती जोडून घेणे. शंभर प्रोग्रॅम चालू असले तरी लायब्ररीच्या सूचनांची मेमरीतली एकच प्रत सगळ्यांना पुरते. लायब्ररीतली एखादी चूक दुरुस्त करायची तर एकच फाइल बदलावी लागते. आज लिनक्सवर आणि विंडोजवर ही दुसरी पद्धत सर्रास वापरली जाते. विंडोज १० बरोबर २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपली सी लायब्ररी ऑपरेटिंग सिस्टिमचाच भाग करून टाकली.

या पद्धतीचा एक जाच आहे. घरच्या नव्या संगणकावर तयार केलेला प्रोग्रॅम शाळेतल्या जुन्या लिनक्सवर नेला, तर ‘लायब्ररीची अमुक आवृत्ती सापडली नाही’ असा संदेश देऊन तो सुरूच होत नाही. नवी लायब्ररी जुन्या प्रोग्रॅमांना सांभाळून घेते, पण जुनी लायब्ररी नव्या प्रोग्रॅमच्या मागण्या पुऱ्या करू शकत नाही. अशा वेळी प्रोग्रॅम जुन्या संगणकावरच पुन्हा तयार करणे हा सर्वांत सोपा उपाय.

वर्गात करून पाहा

पुढचे चार प्रयोग लिनक्स असलेल्या कोणत्याही संगणकावर एका तासिकेत होतात. प्रत्येक वेळी निष्कर्ष काय येईल, याचा अंदाज मुलांना आधी वहीत लिहायला सांगावा.

१. प्रिंटएफने ‘नमस्कार’ छापा, पण शेवटी नव्या ओळीचे चिन्ह देऊ नका. पुढच्या ओळीत ‘स्लीप’ वापरून पाच सेकंद थांबा आणि प्रोग्रॅम संपवा. शब्द पडद्यावर केव्हा दिसतो? आता नव्या ओळीचे चिन्ह घाला आणि पुन्हा पाहा. मग ते चिन्ह काढून एफफ्लश घाला.

२. प्रत्येकी ११ बाइटच्या हजार ओळी छापणारा प्रोग्रॅम लिहा. ‘एसट्रेस’ हे साधन प्रोग्रॅमने केलेले सिस्टिम कॉल दाखवते. त्याच्या मदतीने ‘लिहा’ या विनंत्या मोजा. मजकूर पडद्यावर जात असताना त्या हजार भरतील. मजकूर फाइलकडे वळवला की तीनच उरतील. ११,००० बाइट तीन पेट्यांत कसे बसले, ते मुलांना मांडायला लावा.

३. प्रिंटएफने नव्या ओळीच्या चिन्हासह ‘नमस्कार’ छापा आणि लगेच ‘फोर्क’ या फंक्शनाला बोलवा. फोर्क चालू प्रोग्रॅमची हुबेहूब दुसरी प्रत सुरू करते. पडद्यावर ‘नमस्कार’ एकदाच दिसतो. मजकूर फाइलकडे वळवला तर फाइलमध्ये तो दोनदा सापडतो. छापण्याची ओळ एकदाच चालली असताना असे का? फोर्कने मेमरीची नक्कल केली, त्यात न उघडलेल्या पेटीचीही नक्कल झाली आणि शेवटी दोघांनी आपापली पेटी रिकामी केली. पेटी खरोखर असते, याचा यापेक्षा चांगला पुरावा नाही.

४. लिनक्समध्ये उपकरणांच्या यादीत ‘फुल’ नावाची एक लटकी फाइल असते. तिच्यात काहीही लिहायला गेले, की ‘जागा नाही’ असे उत्तर मिळते. तिच्यात एक ओळ लिहा. एफप्रिंटएफ काय उत्तर देते आणि एफक्लोज काय देते, ते दोन्ही स्टँडर्ड एररवर छापा. पहिला म्हणेल ‘झाले’, दुसरा म्हणेल ‘नाही झाले’.

पायथन शिकवणाऱ्या शिक्षकांनी हे प्रयोग आपल्याशी संबंधित नाहीत असे समजू नये. पायथन ३ लिहिण्यासाठी सी लायब्ररीची पेटी वापरत नाही. त्याची स्वतःची पेटी आहे. पण पेटी आहेच, आणि पडद्यासाठी एक रीत व फाइलसाठी दुसरी, हेही तसेच आहे. पहिला प्रयोग पायथनमध्ये करून पाहिला की खात्री पटेल.

त्या विद्यार्थिनीच्या प्रोग्रॅममध्ये व्याकरणाची एकही चूक नव्हती. तर्कही बरोबर होता. चूक होती ती ‘लिहिले’ या एका शब्दाच्या अर्थात. प्रोग्रॅमच्या दृष्टीने लिहिले म्हणजे पेटीत टाकले, लायब्ररीच्या दृष्टीने लिहिले म्हणजे कर्नलला दिले आणि आपल्या दृष्टीने लिहिले म्हणजे वीज गेली तरी राहिले. या तीन अर्थांत अंतर आहे आणि ते कोणी, केव्हा पार करायचे याचे नियम आहेत. तिच्या प्रोग्रॅममध्ये दोन ओळींची भर घातली की पुढच्या रात्रीच्या नोंदी शाबूत राहतील. पण त्या दोन ओळी कुठे आणि का घालायच्या, हे तिने स्वतः ७२ ला ११ ने गुणून शोधून काढले, तर तापमानाची एक रात्र वाया गेल्याचे वाईट वाटायला नको.